अर्ध्या गुणाचा हिशेब आणि टाकीतले पाणी

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळांमधून प्रथम सत्राचे पेपर पालकांना दाखवले जातात. मुलगा आणि सून दोघेही सकाळच्या लोकलने कामाला जाणारे असल्यामुळे पाचवीतल्या नातीचा पेपर पाहायला जाण्याचे काम या वेळी माझ्याकडे आले. मी ठाण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत एकतीस वर्षे गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झाले आहे. तेवढी वर्षे टेबलाच्या पलीकडे बसले. अलीकडच्या खुर्चीत बसण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि तिथून जे दिसले त्यामुळे हे पत्र लिहावेसे वाटले.

रांगेत माझ्यापुढे एक आई आणि तिचा मुलगा होता. मुलाला गणितात ५० पैकी ४७½ गुण होते आणि आईचे बोट त्या अर्ध्यावर होते. उदाहरण साधे होते : एका पेटीत ३६ आंबे, तर अशा २५ पेट्यांत किती? मुलाने उत्तर ९०० लिहिले होते आणि ते बरोबर होते, परंतु गुणाकाराची उभी मांडणी न दाखवल्याबद्दल बाईंनी अर्धा गुण कापला होता. आई बाईंना काही बोलली नाही, मुलाला मात्र दबक्या आवाजात म्हणाली, "येत होतं ना तुला? मग मांडणी लिहायला काय झालं होतं?" मुलगा गप्प राहिला. त्यांचा नंबर झाला, सही झाली आणि ती दोघे बाहेर पडली.

मास्तरकीची खोड सहजासहजी सुटत नाही. नंतर जिन्यात तो मुलगा भेटला, तेव्हा मी त्याला विचारले की ९०० आले कसे. त्याचा चेहरा खुलला. म्हणाला, "आजी, पंचवीस म्हणजे शंभरचा पाव. म्हणून छत्तीसचा पाव काढला, नऊ. मग त्याच्यावर दोन शून्यं." माझ्या वडिलांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे रोज संध्याकाळी परवचा म्हणून घोकली होती. त्यातली पावकी आता अभ्यासक्रमात उरलेली नाही, आणि कुणी न शिकवता या मुलाने ती भर परीक्षेत, स्वतःच्या गरजेपोटी शोधून काढली होती. त्या अर्ध्या तासात त्याच्याशी त्याच्या पेपराबद्दल बोलणारी तीन मोठी माणसे होती. ही गोष्ट मात्र त्याला जिन्यात, तीही एका परक्या म्हातारीला सांगावी लागली. बाईंना मी दोष देत नाही. माझ्या हातूनही असे अर्धे गुण किती कापले गेले असतील, याचा हिशेब आता लावता येणार नाही.

पालकांना नावे ठेवणे फार सोपे आहे आणि आम्ही शिक्षक ते शिक्षकखोलीत मनसोक्त करतो. परंतु ठाणे-नवी मुंबईतल्या पालकाच्या जागी उभे राहून पाहिले तर त्याची भीती अनाठायी वाटत नाही. घोडबंदर रोडच्या घराचा हप्ता वीस वर्षे चालणार असतो, रोजचे तीन तास लोकल आणि रिक्षाच्या रांगेत जातात, आणि अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशयादीत अर्ध्या टक्क्याने पसंतीचे कॉलेज हुकते हे त्याने शेजारच्या घरात पाहिलेले असते. अशा माणसाला "गुणांकडे पाहू नका, मूल आनंदी आहे का ते पाहा" असा उपदेश केला, तर तो मान डोलावतो आणि घरी जाताना क्लासची फी भरून जातो. पोट भरलेल्याने उपवासाचे महत्त्व सांगावे तसे ते त्याला वाटते.

मात्र ज्या आकड्यावर आपण एवढी भिस्त ठेवतो तो आकडा कसा घडतो, हे पालकांनी एकदा पाहावे. आपल्या राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतले अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण काढून टाकले गेले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, ते गुण परत आले आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. पुढच्या वर्षी करोनामुळे लेखी परीक्षाच झाली नाही, तेव्हा तो ९९.९५ टक्के होता. चार वर्षांत महाराष्ट्रातली मुले एकदा मंद आणि दोनदा हुशार झाली, असे तर कुणी म्हणणार नाही. २०२५ मध्ये २११ मुलांना शंभर टक्के मिळाले. त्यांचे कौतुकच आहे, पण उत्तम पाच विषय धरण्याची पद्धत आणि कला-क्रीडेचे वाढीव गुण यांचाही त्या शंभरात वाटा असतो. शिवाय पुढे अभियांत्रिकीसाठी सीईटी, वैद्यकीयसाठी नीट अशा वेगळ्याच परीक्षा उभ्या राहतात आणि दहावीची ती गुणपत्रिका जन्मतारखेच्या पुराव्यापुरती कपाटात राहते. (माझ्या मुलाची अशीच आहे, तिच्यासाठी त्या वर्षी आम्ही घरातला टीव्ही काढून ठेवला होता, हे आता सांगायला लाज वाटते.)

मुलांवरचे ओझे कमी करावे, शिकणे आनंदाचे व्हावे, हे काही आज सुचलेले नाही. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९९३ मध्ये सांगितले होते की दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक जड असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृतीतून, शोधातून शिकण्याचा आणि मुलाला भीती व ताण यांपासून मुक्त ठेवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यानुसार २०१० मध्ये आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, आकारिक (वर्षभर वर्गात चालणारे) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारे) असे दोन भाग झाले, टक्क्यांऐवजी श्रेणी आल्या. कागदावर यात काही उणे नव्हते. वर्गात काय झाले ते मी स्वतःपुरते सांगते. पन्नासच्या वर मुले, प्रत्येकाच्या प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी, आणि मधूनच निवडणुकीची कामे. "उपक्रमात आनंदाने सहभागी होतो" हे वाक्य मी एका रात्रीत सत्तावीस मुलांच्या नावापुढे लिहिलेले आहे. त्यांतली निदान दहा मुले त्या उपक्रमाच्या दिवशी गैरहजर होती. आणि अ-१ श्रेणीचे प्रगतिपत्रक हातात घेऊन पालक शांतपणे विचारत, "बाई, म्हणजे किती टक्के?"

पालकांना विचारात न घेता शाळेने एकटीने आनंद आणायचा ठरवला की असेच होते. २०२४ मध्ये राज्य सरकारने पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' सुरू केला. हेतू चांगला आहे आणि काही शाळांमधून तो मनापासून चालतो, हेही मी पाहिले आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी शनिवारी नाच, फुगे, कागदाचे मुखवटे, मग पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर छायाचित्रे, आणि सोमवारी पुन्हा 'प्रश्न लिहून घ्या, उत्तर पाठ करा'. आठवड्यातला एक वार आनंददायी म्हणून वेगळा काढला की उरलेले पाच वार कसले, हे मुलांना न सांगताच कळते. पालकालाही कळते, आणि म्हणून तो शनिवारी मुलाला खुशाल क्लासच्या सराव परीक्षेला बसवतो. त्यात आता राज्याने २०२३ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा व अनुत्तीर्णांसाठी फेरपरीक्षा पुन्हा आणलेली असल्याने पाचवीच्या मुलांच्या आयांचे चेहरे नोव्हेंबरपासूनच ताणलेले दिसतात.

शिकण्यातली गोडी वरून साखर भुरभुरून येत नाही, हे खरे तर ठाण्याने कुणाकडून शिकायला नको होते. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला. त्याआधी बोर्डी आणि कोसबाड आपल्याच जिल्ह्यात होते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते काम आयुष्यभर चालवले. वारली पाड्यांवरची मुले गुरे राखायला जात, शाळेत येऊ शकत नसत, तेव्हा या बायका शाळाच कुरणावर घेऊन गेल्या. ती कुरणशाळा. तिथे साहित्य म्हणजे पाने, बिया, शंख, खडे, काटक्या. मुलांच्या हातात आधीपासून असलेल्या वस्तूंवरच मोजणे, वर्गवारी करणे, रंग ओळखणे चाले. मुलांची करमणूक करून मग अभ्यासाकडे वळवायचे, अशी दोन पायऱ्यांची युक्ती त्यात नव्हती. जे काम चालले होते तेच त्यांना ओढून घेत होते. तिथे आई-बापांनाही मुले काय करताहेत ते समोर दिसत असणार. आमच्या वर्गाचे दार मात्र पालकांना वर्षातून तीनदा, तेही सही करण्यापुरते उघडते.

या संदर्भात गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीत घडलेली एक गोष्ट जरा सविस्तर सांगते. उन्हाळ्यात पाणी कमी दाबाने येऊ लागले आणि सोसायटीच्या सभेत नेहमीप्रमाणे कोण किती पाणी वापरतो यावरून वादावादी झाली. माझ्याकडे संध्याकाळी पाचवी ते आठवीची सहा-सात मुले येतात. त्यांना मी म्हटले, भांडणाऱ्यांपैकी कुणालाच आपल्या जमिनीखालच्या टाकीत पाणी किती मावते ते ठाऊक नाही, तर आपण काढू या का? सचिवांनी परवानगी दिली. त्यांच्या आणि वॉचमनकाकांच्या देखत झाकण उघडले, मुलांना दोन हात लांब उभे केले, आणि वॉचमनकाकांनी बांबू आत सोडून वर काढला. लांबी ५ मीटर, रुंदी ४ मीटर, खोली अडीच मीटर. मुलांनी तिथल्या तिथे ५० घनमीटर, म्हणजे ५० हजार लिटर असा आकडा काढला आणि घरी पळायची तयारी केली. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी म्हणाली, "पण बांबू टोकापर्यंत कुठे ओला झालाय?" ओव्हरफ्लोचा पाइप वरून वीस सेंटिमीटर खाली असल्याने टाकी कधीच काठोकाठ भरत नव्हती. खोली अडीचऐवजी २.३ मीटर धरावी लागली आणि ५० हजाराचे ४६ हजार झाले. अठ्ठावीस घरांत वाटले तर प्रत्येकी १६४० लिटरच्या जरासे वर. पुस्तकातल्या टाक्या नेहमी काठोकाठ भरतात. ही भरत नाही, या शोधाने मुले इतकी चेकाळली की पुढचे तीन दिवस त्यांनी मला बसू दिले नाही. तळमजल्यावरच्या बागेच्या नळाला बारीक धार लागलेली होती, तिच्याखाली लिटरचे माप ठेवून वेळ घेतली. वीस मिनिटांत माप भरले. म्हणजे तासाला तीन लिटर, दिवसाला ७२. तो आकडा त्यांनी सचिवांना नेऊन दिला आणि दुसऱ्याच दिवशी प्लंबर आला. अनेक सभांतल्या तक्रारींनी तो आलेला नव्हता.

त्याच आठवड्यात त्या मुलीचे वडील मला भेटले आणि त्यांनी अपेक्षेप्रमाणे विचारले, "बाई, हे सगळं छान आहे, पण परीक्षेला येणार आहे का?" मी म्हटले, घनफळ येणार आहे, टाकी येणार नाही. ते हसले, पण त्यांचे समाधान झाले नव्हते. मग मुलीने त्यांना विचारले, "बाबा, एका घनमीटरचे हजार लिटर का होतात?" ते म्हणाले, "होतात म्हणजे होतात, सूत्र आहे ते." तिने मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, दहा सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीचा एक डबा चिकटवला, आत प्लॅस्टिकची पिशवी बसवली आणि मापातले लिटरभर पाणी त्यात ओतायला वडिलांनाच सांगितले. पाणी पुठ्ठ्याच्या काठाशी येऊन थांबले. "आता असे डबे एका मीटरमध्ये आडवे किती, उभे किती आणि वर किती?" दहा, दहा आणि दहा. ते गृहस्थ नोकरीत रोज आकड्यांशीच खेळणारे, वाणिज्य शाखेचे पदवीधर. ते त्या डब्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "हे मला कुणी दाखवलंच नव्हतं." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मोजपट्टी घेऊन खाली आले, कारण गच्चीवरची टाकी गोल आहे आणि तिचे घनफळ मुलांना जमेना. तेव्हापासून परीक्षेला येणार का, हे त्यांनी मला पुन्हा विचारलेले नाही. मुलीच्या गुणांची काळजी त्यांना आजही आहे, आणि ती असायला माझी काही हरकत नाही.

आपल्या पालकांपैकी बहुतेकांना शाळेत असताना असा डबा कुणी दाखवलेला नाही. त्यांच्या दृष्टीने शिकणे म्हणजे सोसणे आणि सोसल्याचे फळ म्हणजे गुण. त्यामुळे हसतखेळत चाललेला अभ्यास त्यांना वाया जाणारा वेळ वाटतो, आणि भाषणे देऊन हे बदलणार नाही. शिकण्यातली मजा त्यांच्या स्वतःच्या हाताला लागली पाहिजे. म्हणून माझी शाळांना एक लहानशी सूचना आहे. पेपर दाखवण्याच्या दिवशी पेपर आधी देऊ नयेत. पालक आणि मूल यांना एका बाकावर बसवून वीस मिनिटे एक काम द्यावे, जे त्याच सत्रात शिकवलेले असेल आणि हात लावल्याशिवाय होणार नाही. डब्यात पाणी ओतावे, आरशाच्या दोन तुकड्यांत किती प्रतिमा दिसतात ते कोन बदलून मोजावे, ठाणे ते सीएसएमटी हे ३४ किलोमीटर धिम्या आणि जलद लोकलने किती वेगाने कापले जातात ते वेळापत्रक पाहून काढावे. ते झाल्यावर पेपर द्यावा. आणि पेपर हातात आल्यावर बेरजेआधी चुकलेले एक उदाहरण काढून मुलाने ते पालकाला समजावून सांगावे : आपण काय समजलो होतो आणि ते कुठे फसले. आमच्या त्या मुलाला आपली पावकी सांगायला जिन्यापर्यंत थांबावे लागले नसते.

यात वेळेची अडचण आहे, ती मी नाकारत नाही. चाळीस पालक वीस मिनिटे बसणार म्हणजे दोन तुकड्या, दोन वेळा, आणि शिक्षकांचा एक अख्खा दिवस. परंतु मूल्यमापनाच्या नोंदवह्यांमध्ये आमचे किती दिवस गेले ते आठवले की हा एक दिवस स्वस्त वाटतो. सराव नको, पाठांतर नको, असेही मी म्हणत नाही. पाढे पाठ असायलाच हवेत; नऊ चोक छत्तीस ओठांवर नसते, तर त्या मुलाला पाव भाग सुचलाच नसता. घाम गाळण्याची मुलांना भीती नसते. भर मे महिन्यात दुपारी चार वाजता गच्चीवर टाकी मोजायला तीच मुले माझ्याआधी पोचली होती.

शहराबाहेर कुठे जाण्याचीही गरज नाही. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. ऐरोलीच्या किनाऱ्यावरून हिवाळ्यात ते पक्षी दिसतात आणि ते गुलाबी का असतात याचे उत्तर त्यांच्या खाण्यातल्या शेवाळात आणि बारीक कोळंबीत सापडते. पाचवी-सहावीच्या अन्नसाखळीच्या धड्यासाठी याहून मोठी आकृती कुठून आणणार? आणि पावसाळ्यात बाहेर पडता आले नाही तर १८९३ पासून चाललेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच.

शेवटी आपल्या दैनिकाला एक विनंती, आणि ती मनात काही न ठेवता करते. दहावीच्या निकालाच्या दिवशी पेढा भरवतानाची छायाचित्रे, टक्केवारीचे मथळे आणि क्लासेसच्या पानभर जाहिरातींतले पासपोर्ट आकाराचे चेहरे एवढेच वाचकांपर्यंत जाते. जाहिरातीवर वृत्तपत्र चालते, ते मला कळते. परंतु पहिल्या पानाच्या तळाशी एखादे असे मूल छापावे, ज्याने वर्षभरात काही शोधून काढले. मग ते नळाची धार मोजणारे असो किंवा पावकी शोधणारे. त्याच्या गुणांचा उल्लेख नसला तरी चालेल. त्या दिवशी तेही वर्तमानपत्र पालक कापून ठेवतील, अशी माझी खात्री आहे.

नातीच्या वर्गशिक्षिकेशी मी या सगळ्याविषयी बोलले. पूर्ण शाळेचे त्यांना सांगता येईना, पण पुढच्या खेपेस निदान आपल्या वर्गापुरते करून पाहू, असे त्या म्हणाल्या आणि मुख्याध्यापकांची तोंडी संमतीही त्यांनी मिळवली आहे. त्यासाठी दहा सेंटिमीटरचे चाळीस डबे लागतील आणि ते करण्याचे काम माझ्या संध्याकाळच्या मुलांनी अंगावर घेतले आहे. आतापर्यंत अकरा झाले. दिवाळीच्या मिठाईची जाड पुठ्ठ्याची खोकी आमच्या सोसायटीत संपली आहेत, आणि अकरापैकी दोन डबे गळतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
नौपाडा, ठाणे (पश्चिम)